नववीच्या इंग्रजी वह्या: चूकदुरुस्तीच्या नोंदी, २०२४-२५

२४ जून २०२४

शाळा मराठी माध्यमाची, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. नववी अ माझ्याकडे, पट चाळिशीच्या आसपास. राज्यात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होतं, म्हणजे या पोरांची आठ वर्षं इंग्रजी झालेली आहे. वाचतात बऱ्यापैकी. स्वतःच्या मनाने पाच वाक्यं लिहा म्हटलं की मात्र सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात.

यंदा एकच गोष्ट लावून धरायची आहे. आपण वहीत जी लाल दुरुस्ती करतो तिने पोरांचं व्याकरण सुधारतं का, आणि कशी केली तर सुधारतं. ज्यांना आपल्या वर्गात हे करून बघायचंय त्यांच्या उपयोगासाठी या नोंदी.

लेखनाची वही वेगळी घातली. शंभर पानी, लिहायचं फक्त उजव्या पानावर, डावं कोरं सोडायचं. पालकांकडे पैसे मागण्यात अर्थ नव्हता, तालुक्याहून ठोकात आणल्या. हजार-बाराशे गेले.

१ जुलै

पहिला विषय दिला 'माय स्कूल'. वह्या उघडल्या तर अर्ध्या वर्गाची शाळा एकाच 'ब्युटिफुल बिल्डिंग'मध्ये आणि तिच्यासमोर 'लार्ज प्लेग्राउंड विथ ग्रीन ग्रास'. आमच्या मैदानात गवत नाही, खडी आहे. सगळं गाईडातून उतरलेलं. चूक एकही नाही, कारण वाक्यही त्यांचं एक नाही. असल्या वह्या तपासून काही कळत नाही.

विषय बदलला. गाईडात सापडणार नाही असाच हवा. 'परवा टँकर आला तेव्हा काय झालं.' घरी न्यायचं नाही, वर्गातच लिहायचं, आठ ते दहा ओळी.

८ जुलै

आता चुकांचा पूर आला. एका मुलाचं पान असं:

"येस्टरडे टँकर इज कम. माय मदर टेक टू पॉट. शी नॉट गेट वॉटर. मेनी पीपल इज फायटिंग. माय ब्रदर इज फोल इन मड." 'फॉल'चं स्पेलिंगही त्याने 'फोल' असं केलेलं.

पाच वाक्यं, आणि सगळं दुरुस्त केल्यावर पानावर निळ्यापेक्षा लाल जास्त. एका वहीला आठ-दहा मिनिटं लागली. ऑफ तास संपले, रविवार गेला, तरी गठ्ठा उरला. शेवटच्या वह्या हातात पडल्या तेव्हा टँकरचं प्रकरण पोरं विसरूनही गेली होती.

खाली दहापैकी गुण दिले होते. पोरांनी वही घेतली, गुण बघितले, शेजारच्याचे गुण बघितले, वही मिटली. पुढच्या लेखनात 'इज कम' जसंच्या तसं. पुढच्या वेळेपासून गुण बंद. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, मार्क नसतील तर पोरं लिहायचीच नाहीत." लिहितात. सुरुवातीला दोन-तीन वेळा "किती मार्क?" असं विचारलं, मग सोडून दिलं.

१८ जुलै

आपला पिढीजात उपाय करून पाहिला: दुरुस्त वाक्य पाच वेळा लिहा. वह्या आल्या त्या अशा. समासाला लागून 'द' खाली खाली पाच वेळा, मग शेजारच्या रांगेत 'टँकर' पाच वेळा, मग 'केम' पाच वेळा. वाक्य कोणी लिहिलेलंच नाही, उभे खांब उभारलेत. आपणही लहानपणी असंच करायचो, त्यामुळे रागावणार तरी कोणत्या तोंडाने. बंद केलं.

२९ जुलै

सगळंच दुरुस्त करायचं तर मला वेळ पुरत नाही आणि पोरांना ते पेलत नाही. हा वाद जुना आहे. भाषा शिकण्यावर संशोधन करणारे जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये लिहून टाकलं की परभाषेच्या लेखनात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणं सोडूनच द्यावं, उपयोग नाही आणि वर नुकसान आहे. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं. त्यातलं मला कामाचं वाटलं ते एवढंच, की काही चुकांना नियम दाखवता येतो आणि काहींना "इंग्रजीत असंच म्हणतात" यापलीकडे सांगता येत नाही. दोन्हींना एकच औषध चालत नाही.

मग सगळ्या वह्यांतल्या चुकांचे ढीग केले. सगळ्यांत मोठा भूतकाळाचा. काल घडलेलं सगळं 'गो', 'कम', 'टेक', नाहीतर पुढे 'इज' लावून 'इज गो'. दुसरा आर्टिकलचा. मराठीत अ नाही, द नाही, तेव्हा पोरांना त्याची गरजच वाटत नाही. तिसरा 'ही गो', 'शी लाइक' असा एस गाळण्याचा. शब्दयोगी अव्ययांचा चौथा ढीग होता, 'मॅरीड विथ', 'अफ्रेड फ्रॉम' वगैरे. तो बाजूला ठेवला, त्यात नियम हाती लागत नाही.

ठरलं असं की सप्टेंबरअखेर फक्त भूतकाळ. बाकी कशावरही पेन टेकवायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. समोर 'ब्युटिफुल'चं स्पेलिंग उलटंपालटं दिसतंय आणि आपण पुढे जायचं. वीस वर्षांची हाताची सवय आहे ती.

७ ऑगस्ट

उत्तर लिहून न देता चुकीखाली रेघ आणि समासात खूण, म्हणजे पोरगं स्वतः शोधेल, असा बेत. बी.एड.ला शिकलेल्या खुणा वापरल्या. काळाला 'व्ही टी', कर्ता-क्रियापदाला 'एस व्ही ए'. वह्या वाटल्यावर एक मुलगी खूश होऊन विचारते, "मॅडम, व्ही टी म्हणजे व्ही जी सारखंच ना?" व्ही जी म्हणजे व्हेरी गुड, ते त्यांना पाचवीपासून माहीत. तिच्या पानावर सहा व्ही टी होते.

इंग्रजी खुणा काढून टाकल्या. मराठीच्या तासाला काळ, वचन, कर्ता हे सगळं त्यांचं घोटून झालेलं आहे, तेव्हा समासात नुसतं 'का'. काळ चुकला. समजावून सांगायला एक मिनिट लागलं.

नवीन अडचण लगेच आली. 'टेक'खाली रेघ आणि समासात 'का' पाहून पोरांनी 'टेक्ड' केलं. 'गो'चं 'गोड'. त्यांनी नियम बरोबर लावला, फक्त हे क्रियापद नियमात बसत नाही आणि 'टूक' कधी डोळ्यांखालून गेलं नसेल तर ते डोक्यातून येणार कुठून? म्हणून आता दोन पद्धती. 'वॉश', 'कुक', 'प्ले' अशा ईडीवाल्यांना फक्त 'का'. अनियमित असेल तर वर सरळ रूप लिहून द्यायचं, 'टूक', 'केम', 'फेल'. शेवटच्या पानावर प्रत्येकाने स्वतःला लागलेल्या अनियमित रूपांची यादी करायची. छापील तक्ता दिला नाही, तो पुस्तकात आहे आणि कोणी बघत नाही.

तपासायला आता वहीमागे दोन-तीन मिनिटं. गठ्ठा दोन दिवसांत परत जातो.

२१ ऑगस्ट

ज्याची भीती होती ते झालं. "मॅडम, ह्ये लाल नाय केलं म्हंजी बरोबर हाय ना?" 'पीपल इज' दाखवून एकाने विचारलं. शिष्यवृत्तीच्या कागदासाठी आलेल्या एका वडिलांनी तर वहीच उघडून समोर ठेवली. "म्याडम, निम्म्या चुका तशाच सोडल्यात की तुम्ही." स्वतः बारावी झालेला माणूस, त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. आणि उद्या वह्यांची तपासणी लागली तर वरचे साहेबही हेच म्हणणार.

तालुक्याला रबरी शिक्का करून घेतला. "या लेखनात फक्त भूतकाळ तपासला आहे." शाईच्या पॅडसकट दोनशेच्या आत. प्रत्येक लेखनाखाली जांभळा शिक्का आणि सही. पोरांना शिक्क्याचं अप्रूप इतकं की स्वतःच मारायला पुढे येतात. मुख्याध्यापकांनी शिक्का दोनदा वाचला आणि "चालेल" म्हणाले. तक्रार पुन्हा आली नाही. ज्यांना निवडक दुरुस्ती करायचीय त्यांनी शिक्का आधी करावा, मग पेन उचलावं.

४ सप्टेंबर

परवा पोळा झाला. विषय अर्थात तोच, आणि आजवरचं सगळ्यांत भरभरून लेखन मिळालं. "वी वॉश्ड अवर बुल्स इन रिव्हर. माय अंकल पेन्टेड हॉर्न्स. मदर मेड पुरणपोळी." काळ जिथल्या तिथे. जुलैची पानं शेजारी ठेवली तर फरक कोणालाही दिसेल. 'इज कम' जवळजवळ गेलं.

त्याच वह्यांत जुलैत नसलेली चूक मात्र उगवली. "वी डिड नॉट ब्रॉट न्यू झूल." "माय ब्रदर डिड नॉट केम." काल म्हटलं की दुसरं रूप, एवढं पक्कं बसलं, मग 'डिड' असो नसो. जुलैत हीच पोरं 'नॉट कम' लिहीत होती. चुकांची नुसती मोजणी केली असती तर वर्ग मागे गेला असं दिसलं असतं. मला ते पुढे गेल्याचं लक्षण वाटतं: आधी नियमच नव्हता, आता नियम आहे आणि तो हद्द ओलांडतोय.

दुरुस्ती वहीत केली नाही. त्यांचीच सहा वाक्यं नाव न घालता फळ्यावर लिहिली आणि 'डिड'ने काळ उचलला की क्रियापद मोकळं, एवढंच सांगितलं. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर समासात 'का' ऐवजी 'डि' अशी खूण.

२० सप्टेंबर

गौरी-गणपती, मुक्तिसंग्राम दिन, सगळं आटोपून वर्ग पुन्हा लागला. डाव्या पानाबद्दल आता लिहायला हवं, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे.

सुरुवातीपासून नियम होता की तपासलेलं लेखन डाव्या कोऱ्या पानावर दुरुस्त करून पुन्हा लिहायचं. घरी. प्रत्यक्षात ते थोरली बहीण लिहायची, किंवा परिपाठाआधी शेजारच्याचं बघून उरकायचे. दोघा मित्रांच्या डाव्या पानांवर एकच पोळा, एकच काका, बैलांची नावंही तीच. उजव्या पानांवर मात्र दोघांच्या घरी वेगवेगळे बैल.

आता वह्या वाटल्या की त्याच तासात वीस मिनिटं पुनर्लेखन. मी बाकांमधून फिरते. कोणी अडलं तर विचारते, "ही खूण का केली असेल?" बहुतेकदा मी विचारेपर्यंत त्याला सुचलेलं असतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा 'का' अशी खूण बघून तोंडाने "काल वॉश... वॉश्ड" असं दोनदा पुटपुटला आणि लिहिलं. हे पुटपुटणं घरच्या पुनर्लेखनात होत नाही, आणि दुरुस्तीचा उपयोग व्हायचा तो या क्षणी होतो असं माझं मत बनत चाललंय. पेन लाल आहे की हिरवं, खूण आहे की पूर्ण उत्तर, हे सगळं त्यानंतरचं.

किंमत: आठवड्यातला जवळपास एक तास. कुमारभारतीत आम्ही एक धडा मागे आहोत, ब तुकडी दोन धडे पुढे. ब चे सर सगळ्या चुका लाल करतात, त्यांचा विश्वास त्यावर आहे. आमच्यात चहाच्या वेळी हाच विषय असतो. दोन तुकड्यांची तुलना मी करत नाही. शिक्षक वेगळा, विषय वेगळे, त्यातून काही सिद्ध होणार नाही.

वेळ वाचवायला लेखनं कमी केली. दर आठवड्याऐवजी पंधरवड्याला एक, पण एक लिहिलं की त्याचं पुनर्लेखन झालंच पाहिजे.

९ ऑक्टोबर

शिक्का बदलून आर्टिकल सुरू. सगळी आर्टिकलं नाहीत. ऑकलंडमध्ये जॉन बिचनर आणि उटे नॉक यांनी इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांबरोबर दहा महिने चालवलेला प्रयोग आहे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात दुरुस्ती फक्त दोन वापरांची: एखादी गोष्ट पहिल्यांदा आली की 'अ', तीच पुन्हा आली की 'द'. दुरुस्ती मिळालेले गट न मिळालेल्यांच्या पुढे राहिले, आणि दहा महिन्यांनीही. आता तिथे दाराबाहेर पडलं की दुकानात, बसमध्ये इंग्रजीच. इथे घंटा झाली की इंग्रजी संपली. पण इतकं अरुंद लक्ष्य ठेवण्याची कल्पना मला पटली.

"वी हॅव अ बुल. द बुल इज व्हाइट." फळ्यावर हे, वहीत चुकल्या जागी वर सरळ 'अ' किंवा 'द'. इथे नुसती खूण चालत नाही, कारण 'आ' लिहिलं तरी दोनांतलं कोणतं हे पोरं नाणं उडवून ठरवतात.

पहिल्याच फेरीत 'द'ची लागण. "द माय ब्रदर", "द पुणे". मग एक कागदी पट्टी झेरॉक्स करून प्रत्येकाच्या वहीत चिकटवली: पहिल्यांदा अ, पुन्हा द, माय-हिज-हर असेल तर काहीच नाही, गावाच्या नावाला काहीच नाही. पट्ट्यांना पन्नासेक रुपये.

२५ ऑक्टोबर

सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका. गाळलेल्या जागांत भूतकाळ बहुतेकांचा बरोबर. मुक्त लेखनात घाई दिसते, शेवटच्या तीन-चार ओळींत जुनं 'गो' परत येतं. लिहून झाल्यावर एकदा वाचायला वेळ ठेवा हे सांगूनही कोणी ठेवत नाही. एस कुठेच नाही, त्यावर काम केलेलं नाही, आणि आपोआप तो येत नाही एवढं कळलं.

२८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर प्रशिक्षण, मग २० तारखेचं मतदान, मग त्याचा शीण. निवडणुकीच्या कामात दोन आठवडे वह्यांना हात लागला नाही.

आणि ऊसतोड. काही टोळ्या मतदानाआधी गेल्या, बाकीच्या मत देऊन दुसऱ्या दिवशी. हंगामी वसतिगृहात काही मुलं राहिली, बाकीची आईबापांबरोबर फडावर. वर्गात जवळपास एक तृतीयांश बाक रिकामे. जाणाऱ्यांना वही बरोबर न्यायला सांगितलं होतं. काहींनी नेली, काहींच्या माझ्या कपाटात आहेत. आर्टिकलच्या जेमतेम दोन फेऱ्या झाल्या आणि वर्ग फुटला.

१३ जानेवारी २०२५

उरलेल्या मुलांच्या वह्या. चुका खूप कमी. एवढ्या कमी की संशय आला. जुन्या वह्यांशी ताडून बघितल्यावर कारण सापडलं. वाक्यं आखूड झालीत. पोळ्याच्या लेखनात "वेन वी केम होम, द बुल्स वेअर हंग्री" लिहिणारी मुलगी आता "वी केम. वी एट. वी स्लेप्ट." असं लिहिते. पक्की माहीत असलेली चार क्रियापदं फिरवून फिरवून वापरायची, म्हणजे रेघ येत नाही. ट्रस्कॉट यांच्या आक्षेपांत हा एक होता आणि तो माझ्या वहीत समोर दिसतोय.

उपाय म्हणून दर तिसरं लेखन बिनतपासणीचं केलं. शिक्क्याऐवजी फक्त सही, आणि मजकुराबद्दल एक ओळ मराठीत किंवा इंग्रजीत. "मग त्या शेळीचं काय झालं?" असं. त्यावर उत्तर म्हणून पोरं आणखी अर्धं पान लिहितात. (नंतरची भर: फेब्रुवारीपर्यंत वाक्यं पुन्हा लांबली, चुकाही वाढल्या, आणि ते चालेल.)

२४ मार्च

दहावीच्या परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत, त्यात महिना तसाच गेला. यंदा कारखाने लवकर बंद झाले, फडावरची बरीच मुलं परत आली. सगळ्या वर्गाला एकच विषय दिला, 'या हिवाळ्यातला एक दिवस'. आधी उजळणी नाही, सूचना नाही.

परत आलेल्या एका मुलाचं पान: "वी गॉट अप ॲट थ्री. माय फादर कट केन. आय टाइड मोळी. ट्रक डिड नॉट कम. वी सॅट निअर फायर." भूतकाळ पाचही ठिकाणी नीट, 'डिड नॉट कम'सुद्धा. त्याचं डावं पान सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदाही रिकामं नव्हतं. आर्टिकल एकही नाही. 'ट्रक'ला 'द' नाही, 'फायर'ला 'अ' नाही. चार महिने इंग्रजीचा एक शब्द त्याच्यासमोर आला नसणार.

बाकीच्या परत आलेल्यांतही साधारण हेच चित्र. जुलै ते सप्टेंबर घोटलेलं टिकलं, ऑक्टोबरात जेमतेम स्पर्श झालेलं धुऊन गेलं. जी मुलं इथेच होती त्यांची आर्टिकलं बरी आहेत, पहिल्या उल्लेखाचा 'अ' जास्त चुकतो, 'द' कमी. ज्यांनी डावी पानं टाळली, आणि असे पाच-सहा जण प्रत्येक वर्गात असतात, त्यांच्या उजव्या पानावर जुलै आणि मार्च यांत फार अंतर नाही. त्यांच्याही वह्या मी तेवढ्याच मन लावून तपासल्या होत्या.

१५ एप्रिल

वार्षिक परीक्षा चालू आहे. हा वर्ग दहावीला माझ्याकडेच येणार, म्हणून जूनचं आत्ताच लिहून ठेवते.

आर्टिकल पहिल्या आठवड्यापासून. पोरं दिवाळीनंतर जाणार हे धरूनच आखणी करायची, म्हणजे जे टिकायला हवं त्याच्या पाच-सहा फेऱ्या ऑक्टोबरच्या आत बसल्या पाहिजेत. एकाच वेळी दोन गोष्टी घ्यायच्या नाहीत. एस डिसेंबरनंतर, वसतिगृहातल्या आणि गावात राहिलेल्या मुलांबरोबर. सगळ्यांना तो खुणेवरून लगेच दुरुस्त करता येतो आणि पुढच्या ओळीत पुन्हा गळतो, त्याला किती वेळ लागेल सांगता येत नाही.

शब्दयोगी अव्ययांचा ढीग अजून तसाच पडून आहे. त्याला खुणा लावणार नाही, सरळ बरोबर शब्द वर लिहिणार, लेखनामागे दोनच.

ब चे सर परवा शिक्का मागून घेऊन गेले. त्यांना 'भूतकाळ' खोडून 'स्पेलिंग' करून हवंय. मी म्हटलं, रबर खोडता येत नाही सर, नवीन करा, दोनशेच्या आत होतो.